उत्खननाची शैक्षणिक पेटी : सहा रविवारांनंतरचा अभिप्राय

पुरातत्त्वाची कार्यपद्धती घरबसल्या शिकवणारी एक पेटी आमच्या वाचनमंडळाने मागवली आणि सहा रविवार बसून आम्ही पाच जणांनी ती उकरली. पेटी ६० सेंटीमीटर लांब, ४० सेंटीमीटर रुंद आणि ३५ सेंटीमीटर खोल आहे. तिच्यात वेगवेगळ्या रंगांच्या आणि पोतांच्या मातीचे पाच थर दाबून भरलेले असून त्या थरांत एका काल्पनिक वस्तीचे अवशेष पुरलेले आहेत : खापरे, प्राण्यांच्या हाडांच्या प्रतिकृती, जळके दाणे, भाजलेल्या मातीचे तुकडे, एक नाणे आणि आणखी काही लहानसहान वस्तू. सोबत दोन ट्रॉवेल (माती खरवडायच्या लहान थाप्या), कुंचले, दोन चाळण्या, मोजपट्टी, ओळंबा, आलेखकागद, चिठ्ठ्या लावलेल्या पिशव्या, एक जाड नोंदवही, प्रयोगशाळेची तीन कुपने आणि एक मोहोरबंद पाकीट मिळते. या वस्तीत प्रत्यक्षात काय घडले होते याचे उत्तर पाकिटात आहे, असे त्यावर छापलेले आहे. पेटी अवश्य घ्यावी असे माझे मत आहे, मात्र त्या पाकिटाविषयी माझा गंभीर आक्षेप आहे आणि हा अभिप्राय लिहिण्यामागे तो आक्षेपच अधिक आहे.

ही पेटी एकदाच उकरता येते. थर पुन्हा भरण्याचे साहित्य वेगळे मिळत नाही, आणि घेणाऱ्यांपैकी काहींना ही उणीव वाटेल. मला हा तिचा पहिला गुण वाटला. उत्खननात पुरावा मिळवताना तो मोडावाच लागतो. थर एकदा उचलला की तो परत जागेवर ठेवता येत नाही. हातात राहते ती वस्तू, आणि ती कुठे, कशाशेजारी, कोणत्या मातीत, किती खोलीवर पडली होती याची नोंद. नोंद राहिली नसेल तर वस्तू शाबूत असूनही तिची साक्ष गेलेली असते. हाइनरिख श्लीमान या जर्मन उत्खनकाने १८७१ ते १८७३ या काळात तुर्कस्तानातल्या हिसार्लिकच्या टेकडीत, म्हणजे ट्रॉय मानल्या जाणाऱ्या जागी, आरपार प्रचंड चर खणला. होमरच्या 'इलियड' या महाकाव्यातले नगर तळाशीच असणार अशी त्याची खात्री असल्याने वरचे थर त्याने बाजूला सारले. १८७३ मध्ये सापडलेला सोन्याचा साठा त्याने त्या महाकाव्यातल्या ट्रॉयच्या राजाचा, प्रायमचा म्हणून जगाला दाखवला. पुढे तो साठा ट्रोजन युद्धाच्या मानल्या जाणाऱ्या काळाहून हजाराहून अधिक वर्षे जुना असल्याचे स्पष्ट झाले, आणि त्या युद्धाच्या काळातले जे अवशेष तपासायला हवे होते त्यांतले बरेचसे त्याच्या चराने आधीच उद्ध्वस्त केले होते. पेटीसोबतच्या माहितीपुस्तिकेत हा प्रसंग नाही. तो असायला हवा होता, कारण पानोपानी येणाऱ्या 'सावकाश उकरा' या सूचनेचे कारण त्याने वाचणाऱ्याच्या मनावर पक्के ठसले असते.

नोंदवही मात्र फार विचारपूर्वक केलेली आहे. प्रत्येक थराला, प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक भिंतीला स्वतंत्र क्रमांक द्यायचा. मातीचा रंग, पोत, ओलावा, हद्द स्पष्ट की पुसट, तिच्यावर काय आणि खाली काय हे लिहायचे. आणि प्रत्येक विधानापुढे 'खात्री किती' या रकान्यात अधिक, मध्यम किंवा कमी अशी नोंद करायची. शेवटची काही पाने एका रेखाकृतीसाठी राखलेली आहेत. कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या आधीची आणि कोणती नंतरची, हे चौकटी व रेषांनी जोडून दाखवण्याची ही रीत पुरातत्त्वज्ञ एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये बसवली आणि आज ती जगभर वापरली जाते. पहिल्या रविवारी आम्हाला ही सगळी लिखापढी निष्कारण वाटत होती. दुसऱ्या रविवारी जे घडले त्यानंतर कोणीही तशी तक्रार केली नाही.

त्या दिवशी तिसरा थर संपत आला होता. हा थर पिवळसर आणि घट्ट, जवळजवळ चोपलेल्या जमिनीसारखा होता. माझी अकरा वर्षांची भाची कोपऱ्याजवळ ट्रॉवेल चालवत होती. "मामा, इथे माती मऊ लागतेय," ती म्हणाली. मी वाकून पाहिले. रंगात मला काही फरक दिसला नाही, म्हणून काम पुढे चालू ठेवायला सांगितले. अर्ध्या तासाने आम्ही चौथ्या थरात होतो आणि तिथे तिला नाणे सापडले. आम्हाला केवढा आनंद झाला! नाण्यावरून चौथ्या थराचा काळ ठरला, आणि चौथ्या थराच्या वरचे सगळे त्याहून अलीकडचे, असे आम्ही नोंदवहीत लिहूनही टाकले. 'खात्री किती' पुढे 'अधिक' असे लिहिले. संध्याकाळी पेटीची एक बाजू साफ करून मातीचा उभा छेद रेखाटायला बसलो तेव्हा ओळंब्याच्या दोरीजवळ एक बारीक वक्र रेषा दिसली. ती दुसऱ्या थराच्या तळापासून निघून तिसरा थर कापत चौथ्यात उतरत होती. तो खड्डा होता. दुसऱ्या थराच्या काळात कोणीतरी खणलेला आणि नंतर बुजलेला. भाचीच्या हाताला लागलेली मऊ माती त्या खड्ड्यातली होती आणि नाणेही त्याच खड्ड्यातले होते. थरात सापडलेल्या सर्वांत अलीकडच्या वस्तूपेक्षा तो थर जुना असू शकत नाही, हा नियम आम्ही अचूक लावला होता. चुकले इतकेच की ती वस्तू त्या थराची नव्हती. तोवर तिसऱ्या थराच्या पिशवीत खड्ड्यातली खापरेही मिसळून गेली होती आणि ती वेगळी करण्याचा काहीही मार्ग उरला नव्हता. ती पिशवी आम्ही 'मिश्र' असे लिहून बाजूला ठेवली. वस्तीतली जवळपास पाचवा हिस्सा खापरे तिच्यात होती.

ही चूक नवशिक्यांचीच असते असे कोणी समजू नये. मोहेंजोदडोच्या गल्ल्यांतून आणि घरांतून १९२० व १९३० च्या दशकांत मानवी सांगाडे मिळाले होते. ते उत्खनन मातीच्या थरांनुसार न होता एका ठरावीक पातळीपासून मोजलेल्या खोलीनुसार झाले होते, आणि या पद्धतीवर ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी स्वतःच कडक टीका केली होती. असे असूनही १९४० च्या दशकात त्याच सांगाड्यांच्या आधारे त्यांनी शहराचा शेवट कत्तलीने झाल्याचे चित्र रंगवले आणि ते पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचले. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्ये जुन्या नोंदी एकेक करून तपासल्या तेव्हा हे सांगाडे एका थरातले आणि एका वेळचे नाहीत, हे दिसून आले. कत्तलीचा सिद्धांत त्यानंतर तज्ज्ञांमध्ये टिकला नाही. बोलण्यात तो अजून भेटतो. सांगाडे खरे होते, मापे खरी होती, ते सापडल्याची जागाही ढोबळपणे ठाऊक होती. ते एकमेकांशी कसे जोडले जातात एवढाच दुवा नव्हता, आणि सगळा निष्कर्ष त्याच दुव्यावर उभा होता.

तिसऱ्या रविवारचे काम चाळण्यांचे. मोठ्या भोकांच्या चाळणीतून खापरे आणि हाडे मिळाली, आणि त्यांवरून हे लोक गुरे-मेंढ्या पाळणारे होते, शेती करत नव्हते, असे आमच्यातल्या एकाने ठामपणे मांडले. मग पुस्तिकेतल्या सूचनेप्रमाणे चुलीजवळची माती पाण्याच्या भांड्यात सोडून हलकेच ढवळली. जळलेले दाणे वर तरंगले. बारीक चाळणीने ते उचलून कागदावर वाळवले तेव्हा एकतीस भरले. माती पाण्यात सोडून दाणे वेगळे करण्याची ही रीत उत्खननांत १९६० च्या दशकापासून रूढ झाली. त्याआधी खणलेल्या अनेक ठिकाणांच्या अहवालांत धान्याचा उल्लेख नसतो, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की ते शोधण्याची सोयच नव्हती. अहवाल वाचताना काय सापडले याच्या आधी कसे शोधले हे पाहावे लागते, ही गोष्ट त्या कागदावरच्या एकतीस काळ्या दाण्यांनी आम्हाला जितकी समजावली तितकी कोणत्याही व्याख्यानाने समजावली नसती.

दुसऱ्या थराच्या एका बाजूला उकिरडा होता आणि पेटीतला सर्वांत समृद्ध भाग तोच निघाला. फुटकी भांडी, चघळलेली हाडे, राख, तुटलेली टोके. माणसे जे जपतात ते सोबत घेऊन जातात आणि जे टाकतात ते मागे राहते, म्हणून पुरातत्त्वाचा बराचसा डोलारा केरकचऱ्यावर उभा असतो. यात एक मोठे बळही आहे. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना विद्यापीठात विल्यम रॅथजी यांनी १९७३ मध्ये टूसॉन शहरातल्या चालू काळातल्या घरगुती कचऱ्याचा याच पद्धतीने अभ्यास सुरू केला. लोकांनी मुलाखतीत सांगितलेले बिअरचे प्रमाण आणि त्यांच्या कचऱ्यात निघालेले बिअरचे डबे यांचा मेळ बसला नाही. सांगितलेला आकडा बराच कमी होता. लिखित साधने माणसाने स्वतःविषयी काय सांगायचे ठरवले ते सांगतात, आणि उकिरडा न ठरवता बोलतो. पण उकिरड्यालाही मर्यादा आहे, तो 'का' या प्रश्नाला उत्तर देत नाही. चौथ्या थराच्या मानाने दुसऱ्या थरात हाडे निम्म्यावर आलेली होती. दुष्काळ होता, कळप विकले होते, की हाडे टाकण्याची जागा बदलली होती? तिन्ही स्पष्टीकरणांत उकिरडा तसाच दिसला असता.

आता कुपनांविषयी. माझ्या मते पेटीचा हा सर्वोत्तम भाग आहे. सगळ्या वस्तीसाठी कालमापनाचे फक्त तीन नमुने पाठवता येतात. नमुन्याचा क्रमांक आणि कुपनावरचा संकेतांक भरला की निकाल मिळतो, आणि तो एका वर्षाच्या रूपात न येता पट्ट्याच्या रूपात येतो. मागचे तत्त्व पुस्तिकेने नीट समजावले आहे. सजीव जिवंत असेपर्यंत वातावरणातला किरणोत्सारी कार्बन-१४ घेत राहतो. मेल्यावर घेणे थांबते आणि असलेला कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होत जातो. विलर्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत उभी केली आणि १९६० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्याजोगे फारसे काही शिल्लक राहत नाही.

आम्ही पहिले कुपन तिसऱ्या थरातल्या जळलेल्या तुळईवर खर्च केले, कारण ती ठळक होती आणि घराचा वासाच तपासल्यावर घराचा काळ हाती येईल असे आम्हाला वाटले. निकाल आला इ.स.पू. १०१० ते ८४०. दुसरे कुपन त्याच घराच्या चुलीतल्या दाण्यांवर वापरले. निकाल आला इ.स.पू. ७६० ते ४२०. घर शेकडो वर्षे नांदते होते, असा निष्कर्ष आम्ही आनंदाने काढला. निकालासोबतचे टिपण वाचल्यावर तो मागे घ्यावा लागला. प्रयोगशाळा लाकडातले तपासलेले वार्षिक वलय वाढले तेव्हाचा काळ मोजते. झाड तोडले कधी आणि घर बांधले कधी हे ती सांगत नाही. मोठ्या झाडाच्या गाभ्याचे लाकूड तोडणीच्या वेळीच शतकभर जुने असू शकते, शिवाय चांगली तुळई एका घरातून काढून दुसऱ्या घराला लावली जाते. दाणा एका हंगामाचा असतो, म्हणून तोच नमुना योग्य होता. पण दाण्याचाही पट्टा तीनशेहून अधिक वर्षांचा का? याचेही कारण टिपणात आहे. वातावरणातले कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळी सारखे नव्हते, त्यामुळे वृक्षवलयांच्या आधारे बनवलेल्या आलेखावर निकाल जुळवून घ्यावा लागतो, आणि इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात तो आलेख जवळजवळ सपाट आहे. त्या चार शतकांतला नमुना कितीही काळजीपूर्वक मोजला तरी त्या सपाटीवर नेमके बोट ठेवणे फार कठीण जाते. पेटी बनवणाऱ्यांनी वस्तीचा काळ मुद्दाम तिथे बेतला, याबद्दल त्यांचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. तिसरे कुपन आमची चूक निस्तरण्यात गेले : खड्ड्यातले हाड पाठवले, आणि खड्डा घरानंतर बऱ्याच काळाने खणलेला होता हे पक्के झाले.

याच ठिकाणी पुस्तिकेत एक उलट उदाहरण द्यायला हवे होते, नाहीतर ही पद्धत कायम अंदाजपंचेच चालते असा समज होतो. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर लान्स ओ मेडोज येथे उत्तर युरोपातून आलेल्या दर्यावर्दींची वसाहत १९६० मध्ये उजेडात आली. धातूच्या हत्याराने तोडलेली तिथली लाकडे नव्याने तपासण्यात आली. इ.स. ९९३ मध्ये अवकाशातून आलेल्या किरणांमुळे जगभरच्या वातावरणात कार्बन-१४ एकाएकी वाढला होता, आणि त्या वर्षीच्या वलयात त्याची खूण राहिली आहे. त्या वलयापासून झाडाच्या सालीपर्यंत वलये मोजल्यावर ही झाडे १०२१ साली तोडल्याचे निघाले. हा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका बाजूला चार शतकांची धूसर सपाटी आणि दुसऱ्या बाजूला हजार वर्षांपूर्वीचे नेमके साल, आणि दोन्ही एकाच पद्धतीने. फरक पडला तो नमुन्याने, आणि झाडाची साल शाबूत राहिल्याने.

सहाव्या रविवारी आम्ही आपापला अहवाल लिहून झाल्यावर पाकीट उघडले. पाकिटात दोन कागद आहेत. पहिल्याचे शीर्षक 'जे तुमच्यापर्यंत पोहोचले नाही' असे असून या वस्तीत मुळात असलेल्या पण कुजून गेलेल्या वस्तूंची यादी त्यावर आहे : टोपल्या, दोर, चामड्याची पिशवी, चटया, लाकडी उखळ, कापड, पिसांचे डोक्यावरचे बांधणे, झोपाळा. आम्ही सहा रविवार ज्या घरात वावरलो असे समजत होतो त्या घरातल्या बहुतेक वस्तूंशी आमची गाठच पडली नव्हती. हा कागद मी दोनदा वाचला. इंग्लंडमधील सटन हू येथे १९३९ मध्ये दफनटेकडी उघडली तेव्हा जहाजाचे लाकूड पार नाहीसे झालेले होते. वाळूत उमटलेला २७ मीटर लांबीचा आकार आणि लोखंडी खिळ्यांच्या रांगा एवढेच होते. ज्याच्यासाठी तो सगळा थाट केला होता त्याचे शरीर आम्ल मातीने असे विरघळवले होते की तिथे कोणाला पुरले होते की नाही यावरच वर्षानुवर्षे वाद झाला. उलट, आल्प्समधल्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसापाशी गवताचे विणकाम, झाडाच्या सालीची भांडी, कातड्याचे कपडे, अपुरे राहिलेले धनुष्य हे सगळे टिकून होते. तो एरवीसारखा मातीत गेला असता तर तांब्याची कुऱ्हाड आणि गारगोटीची काही हत्यारे यांपलीकडे फारसे हाती लागले नसते. आणि ग्रीसमध्ये अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून १९०१ मध्ये वर काढलेले ते सूर्य-चंद्राच्या गतीचे गणित करणारे काशाचे यंत्र! त्याची तीस दातेरी चाके शिल्लक आहेत आणि त्या काळातले त्याच्या तोडीचे दुसरे यंत्र आजवर मिळालेले नाही. जमिनीवर राहिलेले कासे वितळवून पुन्हा वापरले गेले. समुद्रात गेलेले वाचले. ते एक जहाज सुखरूप पोहोचले असते तर दोन हजार वर्षांपूर्वी असे यंत्र असणे शक्यच नव्हते असे आपण पूर्ण विश्वासाने लिहिले असते. 'सापडले नाही' आणि 'नव्हते' या दोन विधानांमधले अंतर दाखवणारा हा पहिला कागद पेटीसोबत आला नसता, तर मी ही पेटी घेण्याची शिफारस केली नसती.

आक्षेप आहे तो दुसऱ्या कागदाला. त्यावर वस्तीची पूर्ण कहाणी दिली आहे : कोण राहत होते, घर का जळले, खड्डा कोणी आणि कशासाठी खणला. चुलीपासून ९ सेंटीमीटरवर आम्हाला बोटाएवढी मातीची स्त्री-आकृती सापडली होती, डोके तुटलेली. आमच्यापैकी तिघांनी 'देवता, खात्री मध्यम' असे लिहिले होते. मंडळातल्या निवृत्त अभियंत्यांनी उंची, जागा, तुटल्याची खूण आणि बोटांचे ठसे तेवढे नोंदवून उपयोगाचा रकाना कोरा ठेवला होता. कागदावर छापले आहे : 'हे लहान मुलीचे खेळणे होते.' हे वाचून आम्हा तिघांना वाटले की आपले उत्तर चुकले आणि योग्य उत्तर हे होते. नेमके हेच वाटायला नको होते. ती मूर्ती खेळणे होती हे त्या पेटीतल्या मातीतून कोणालाही, कितीही कौशल्य असले तरी, कळण्याजोगे नव्हते. बनवणाऱ्याने ते ठरवले म्हणून ते खरे झाले. भूतकाळाला असा ठरवणारा भेटत नाही.

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ख्रिस्तोफर हॉक्स यांनी १९५४ मध्ये मांडलेली एक पायऱ्यांची कल्पना इथे उपयोगी पडते. वस्तू कशी बनवली हे अवशेषांवरून त्या मानाने सहज कळते; पोट कसे भरत हेही बऱ्यापैकी कळते; समाजाची घडण आणि सत्ता यांविषयी बोलणे अवघड जाते, आणि श्रद्धांविषयी सर्वांत अवघड. दोन्ही वरच्या पायऱ्या अजिबात चढताच येत नाहीत असे मी म्हणणार नाही. पुढच्या पिढ्यांनी त्या चढण्याच्या वाटा शोधल्या आहेत. पण खालच्या पायरीवरची खात्री वरच्या पायरीवर घेऊन जाता येत नाही. तुर्कस्तानातील चाताल ह्यूक या अतिप्राचीन वस्तीच्या जागी जेम्स मेलार्ट यांनी १९६१ ते १९६५ मध्ये उत्खनन केले आणि स्त्री-मूर्तींवरून मातृदेवतेच्या उपासनेचे मोठे चित्र उभे केले. इयन हॉडर यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून पुन्हा काम झाले तेव्हा असे दिसले की मूर्तींमध्ये प्राण्यांचे आकार कितीतरी अधिक आहेत आणि पुष्कळ मूर्ती केरकचऱ्यात टाकलेल्या आहेत. म्हणून त्या देवता नव्हत्या हेही सिद्ध होत नाही. आमच्या अभियंत्यांचा कोरा रकाना हीच त्या पाच अहवालांतली सर्वांत जबाबदार नोंद होती, आणि पेटीची गुणपत्रिका त्यासाठी शून्य गुण देते. हा दोष दुरुस्त व्हायलाच हवा.

बनवणाऱ्यांची बाजूही मी विचारात घेतली. उत्तर पुढे आल्याशिवाय आपण किती वाहवत गेलो ते कळत नाही, असे ते म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. प्रत्यक्ष पुरातत्त्वातही पाकिटे उघडतात, पण थोडी थोडी, उशिरा, आणि ज्या प्रश्नाला नवी पद्धत लागू पडते त्या प्रश्नापुरतीच. स्वीडनमधील बिर्का येथील शस्त्रांनी भरलेली, दोन घोडे पुरलेली कबर १८७८ मध्ये उघडली. शस्त्रे आहेत म्हणजे योद्धा आणि योद्धा म्हणजे पुरुष, असे धरले गेले. २०१७ मध्ये डीएनएने ती व्यक्ती स्त्री असल्याचे दाखवले. ती लढत होती का, हे मात्र डीएनए सांगू शकत नाही. शस्त्रे पुरणाऱ्यांनी ठेवलेली असतात. ज्वालामुखीने गाडलेल्या इटलीतील पाँपेई शहराच्या राखेतल्या पोकळ्यांत प्लॅस्टर ओतून माणसांचे ठसे घेण्याची रीत ज्युझेप्पे फिओरेली यांनी १८६३ मध्ये काढली. तिथल्या एका घरातली, सोन्याचे कडे घातलेली व्यक्ती आणि तिच्याजवळचे मूल यांच्याकडे अनेक दशके आई आणि लेकरू म्हणून पाहिले गेले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीत ती व्यक्ती पुरुष निघाली आणि मुलाशी तिचे रक्ताचे नाते नव्हते. मग ते मूल त्याच्या जवळ का होते? तेवढे पाकीट अजून बंद आहे. बर्फातल्या त्या माणसाच्या डाव्या खांद्यात बाणाचे टोक रुतलेले आहे, हे तर शरीर प्रयोगशाळेत असतानाही २००१ पर्यंत, म्हणजे दहा वर्षे, कोणाच्या लक्षात आले नव्हते. दुसऱ्या कागदाऐवजी अशी तीन-चार छोटी पाकिटे द्यावीत, एकेकात एकेका नव्या चाचणीचा निकाल असावा, आणि उरलेले प्रश्न उघडे सोडावेत, अशी सूचना मी बनवणाऱ्यांना पत्राने कळवली आहे.

बाकीच्या उणिवा थोडक्यात सांगतो. थरांचे रंग फार ठळक ठेवले आहेत; खऱ्या जमिनीत हद्दी पुसट असतात, उंदीर, मुळे आणि गांडुळे वस्तू वर-खाली करतात, आणि यातले पेटीत काहीच नाही. खणण्याआधीच्या पाहणीला, म्हणजे जमिनीवर विखुरलेल्या खापरांची मोजदाद, भूभौतिक चाचण्या (न खणता उपकरणांनी जमिनीखालचा अंदाज घेणे), विमानातून लेसरने होणारे मापन यांना, पुस्तिकेत जेमतेम अर्धे पान दिले आहे. ग्वातेमालाच्या जंगलाखाली दडलेल्या माया संस्कृतीच्या ६०,००० हून अधिक बांधकामांची माहिती २०१८ मध्ये एक कुदळही न मारता अशाच लेसर मापनातून पुढे आली, तेव्हा हा भाग वाढवायला हवा. कुंचल्यांचे प्रस्थ अकारण वाढवले आहे, बहुतेक काम ट्रॉवेलने होते. चिठ्ठ्यांचा डिंक ओल्या हातांनी सुटतो. त्या दोऱ्याने बांधाव्यात. मानवी अस्थींच्या प्रतिकृती न देण्याचा निर्णय मला योग्य वाटला.

बारा वर्षांपुढील मुलांसाठी असे वेष्टनावर लिहिले असले तरी सोबत एखादा धीराचा मोठा माणूस असेल तर दहा-अकरा वर्षांचे मूलही छान रमते. शिक्षकांनी ती वर्गात वापरताना पहिला कागद वाचून दाखवावा आणि दुसरा स्वतःजवळ ठेवावा. पाचपैकी चार गुण देतो.

पुस्तिका सगळी पेटी रिकामी करायला सांगते. आम्ही तसे केलेले नाही. पुढे कोणाला आमच्याहून चांगली पद्धत मिळेल या विचाराने उत्खननात जागेचा काही भाग न खणता राखून ठेवतात; त्याप्रमाणे आग्नेय कोपऱ्यातला १५ सेंटीमीटरचा चौकोन पाचही थरांसह तसाच उभा आहे. त्याच्या उघड्या बाजूवर त्या खड्ड्याची दुसरी कड दिसते. भाचीने तिथे दोऱ्याने चिठ्ठी बांधली आहे, तिच्यावर थरांचे क्रमांक आणि तारीख आहे, आणि 'खात्री किती' पुढे तिने 'कमी' असे लिहिले आहे.